ठरवलं होतं, पण जमलं नाही : एका माणसाच्या व्यायामाचा अंदाज बांधता येतो का?

आरोग्य खात्याच्या आशाताई दारात आल्या तेव्हा आत्या तूर पाखडत होती. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा एक फॉर्म भरायचा असतो. तंबाखू-खर्रा खाता का, दारू घेता का, कंबरेचा घेर किती, घरात कोणाला बीपी-शुगर आहे का. त्यातच एक प्रश्न असतो : आठवड्यातून किमान दीडशे मिनिटं शारीरिक हालचाल करता का? आत्याने सूप खाली ठेवलं आणि विचारलं, "वावरात जाणंयेणं होते, ते धरता का नाही?" आशाताईंनी 'हो' लिहिलं. मग आत्या हळूच म्हणाली, "डॉक्टरनं रोज अर्धा घंटा चालाले सांगतलं आहे. ठरोलं त होतं बाप्पा, पण जमतच नाही."

त्या फॉर्मवर या दुसऱ्या वाक्यासाठी जागा नाही. मला मात्र तेच महत्त्वाचं वाटतं. माणूस व्यायाम करेल की नाही हे आधीच ओळखता येईल का, या प्रश्नावर मानसशास्त्रज्ञ गेली पन्नासेक वर्षं काम करत आहेत आणि त्यांची सगळी गाडी 'ठरवलं होतं' आणि 'जमत नाही' यांच्या मधल्या जागेतच अडकली आहे.

विषय बातम्यांतही आहे. 2024 मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात जगभरातल्या हालचालींचा मोठा अभ्यास आला. त्यानुसार 2022 मध्ये भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण साधारण 42 टक्के होतं, बायकांत 57. तेव्हापासून ज्याला त्याला लोकांना चालतं करायचं आहे. सरकारला, डॉक्टरांना, विमा कंपन्यांना, फोनमधल्या अॅपला. त्यासाठी कोण चालेल आणि कोण अर्ध्यात सोडेल, हे आधी कळलं तर सगळ्यांनाच हवं आहे.

सिद्धांत म्हणतो तरी काय?

या क्षेत्रात सगळ्यात जास्त वापरला गेलेला सिद्धांत आइसेक आयझेन या मानसशास्त्रज्ञाचा आहे. मार्टिन फिशबाइन यांच्याबरोबर त्यांनी आधी त्याचा पाया घातला, आणि 1985 ते 1991 या काळात त्याला आजचं रूप दिलं. मराठीत त्याला 'नियोजित वर्तनाचा सिद्धांत' म्हणतात. नाव जड आहे, गोष्ट सोपी आहे.

माणूस एखादी गोष्ट करेल की नाही, हे मुख्यतः त्याच्या इराद्यावर ठरतं. इरादा तीन गोष्टींवर उभा असतो, चुलीच्या तीन दगडांवर भांडं असतं तसा. पहिला दगड : ते काम चांगलं आहे असं मला वाटतं का? दुसरा : माझ्या जवळच्या लोकांना काय वाटतं, चार लोक काय म्हणतील? तिसरा : मला ते जमेल असा माझा भरवसा आहे का? या तिसऱ्या दगडासारखीच कल्पना अल्बर्ट बँडुरा यांनी 1977 मध्ये मांडली होती. 'मला जमेल' ही भावनाच माणसाला कामाला लावते आणि अडचण आली तरी टिकवून धरते, असं त्यांचं म्हणणं होतं.

मोजायचं कसं? लोकांना प्रश्नावली देतात. 'पुढच्या आठवड्यात नियमित व्यायाम करण्याचा माझा इरादा आहे' असं वाक्य असतं आणि 1 ते 7 पैकी एका आकड्यावर खूण करायची असते. मग काही दिवसांनी त्यांनी खरंच व्यायाम केला का ते पाहायचं. अशा प्रश्नावल्या हजारो लोकांकडून भरून घेतल्या गेल्या आहेत.

मग अंदाज किती बरोबर येतो?

इथे एकच तांत्रिक गोष्ट समजून घ्यावी लागेल. एखाद्या गावात कोणाला एकरी चार क्विंटल कापूस होतो, कोणाला आठ. हा फरक का पडतो? ओलिताची सोय आहे की नाही हे कळलं की फरकाचा काही भाग समजतो. जमीन भारी की हलकी हे कळलं की आणखी थोडा. शास्त्रज्ञ याच पद्धतीने विचारतात : माणसामाणसांत व्यायामाचा जो फरक आहे, त्यातला किती भाग आमच्या प्रश्नावलीने समजला?

2011 मध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. हालचालींच्या बाबतीत उत्तर आलं साधारण 24 टक्के, म्हणजे जवळपास पाव हिस्सा. मानसशास्त्रात हा आकडा चांगला समजतात, आणि गटापुरता तो आहेही. पण एकाच माणसाचा अंदाज बांधायचा तर त्याचा अर्थ काय होतो, ते हिशेब करून पाहू.

समजा, एखादा माणूस आठवड्याला किती मिनिटं चालतो हे तुम्हाला ओळखायचं आहे आणि त्याच्याबद्दल काहीच माहीत नाही. तुम्ही सरळ गावाची सरासरी सांगाल आणि धरून चालू की तुमचा अंदाज साधारण 60 मिनिटांनी चुकेल. आता त्याची प्रश्नावली हातात घ्या, सिद्धांताचं सगळं गणित लावा. अंदाज अजूनही साधारण 52 मिनिटांनी चुकेल. पाव हिस्सा फरक समजला म्हणजे चूक पाव हिश्शाने कमी होते असं वाटतं, पण गणितात तसं होत नाही. 76 टक्के फरक अजून शिल्लक आहे, त्याचं वर्गमूळ काढावं लागतं आणि चूक फक्त 13 टक्क्यांनी कमी होते. एवढी मोठी प्रश्नावली भरून साठाचे बावन्न.

'हो' म्हणणाऱ्याचं काय, 'नाही' म्हणणाऱ्याचं काय?

या चुकीची एक मजेशीर बाजू 2013 च्या एका आढाव्यात दिसली. रायन ऱ्होड्स आणि खेर्ट-यान दे ब्राउन यांनी दहा अभ्यास एकत्र करून लोकांची चार गटांत विभागणी केली. शंभरातल्या साधारण 42 जणांनी व्यायामाचा इरादा केला आणि पाळला. 36 जणांनी इरादा केला पण पाळला नाही. 21 जणांचा इरादा नव्हता आणि त्यांनी केलाही नाही. इरादा नसताना व्यायाम केलेले फक्त 2 जण. (आकडे पूर्णांकात केल्यामुळे बेरीज एकाने जास्त होते.)

हे आकडे दोनदा वाचण्यासारखे आहेत. 'मी व्यायाम करणार नाही' असं सांगणाऱ्याबद्दल सिद्धांत जवळजवळ पक्का अंदाज देतो. 'करणार' म्हणणाऱ्याबद्दल मात्र तो नाणं उडवल्यापेक्षा थोडंसंच बरं सांगतो : 78 पैकी 42. इरादा म्हणजे बियाणं. पेरलंच नाही तर उगवणार नाही हे कोणीही सांगेल. पेरलेलं सगळं उगवेल हे सांगायला पाऊस, ओल, वाणी किडे, रानडुक्कर असं सगळं विचारात घ्यावं लागतं.

म्हणूनच आत्यासारख्या माणसांना 'तुमची इच्छाच नाही' असं म्हणणं अन्यायाचं आहे. मी तिच्यासोबत एका दवाखान्यात गेलो होतो. रिपोर्टवरचा शुगरचा आकडा पाहून समोरच्या व्यक्तीने तिला सगळ्यांसमोर सुनावलं, "तुम्हालाच तुमची काळजी नाही, तर आम्ही काय करणार?" घरी येईपर्यंत एसटीत ती एक शब्द बोलली नाही. तिची जागा त्या 36 जणांत होती आणि तिला 21 जणांत टाकलं गेलं होतं.

मंडळाची सरासरी आणि माझं वावर

आता मुख्य मुद्दा. विदर्भातल्या शेतकऱ्याला तो कोणत्याही प्राध्यापकापेक्षा लवकर समजेल.

पीक विम्यात पीक कापणी प्रयोगांवरून भरपाई ठरते, तेव्हा ती तुमच्या सर्व्हे नंबरावर ठरत नाही. महसूल मंडळातल्या काही निवडक शेतांत पीक कापून मोजतात आणि त्यावरून मंडळाचं सरासरी उत्पादन काढतात. ते उंबरठा उत्पादनाच्या, म्हणजे आधीच ठरवलेल्या पातळीच्या, खाली गेलं तर मंडळातल्या सगळ्या विमाधारकांना भरपाई, वर राहिलं तर कोणालाच नाही. तुमचं सोयाबीन नाल्याकाठी सडून गेलं असेल, आणि मंडळातल्या बाकीच्यांचं बरं आलं असेल, तर कागदावर तुमचंही बरंच आलेलं असतं. प्रयोगात चूक नसते. सरासरी खरी असते. फक्त ती तुमच्या वावराबद्दल काही बोलत नसते.

मानसशास्त्राचे सिद्धांत बहुतेक असेच तपासले गेले आहेत. हजार माणसं घ्यायची, प्रत्येकाला एकदा-दोनदा विचारायचं, आणि 'ज्यांचा इरादा जास्त ते जास्त व्यायाम करतात का' ते पाहायचं. हे मंडळाचं उत्पादन झालं. त्यावरून 'या एका बाईचा इरादा वाढला की ती जास्त चालेल' असं म्हणणं हा वेगळाच दावा आहे आणि तो वेगळा तपासावा लागतो.

फरक अजून नीट कळावा म्हणून कापूस वेचणीला जाऊ. वीस बायका वेचायला आल्या आहेत. ज्यांचा हात बसलेला आहे त्या भरभर वेचतात, आणि त्यांच्या ओटीतला कापूस स्वच्छही असतो. नवख्या पोरी हळू वेचतात आणि वर पत्तीही जास्त आणतात. वीस जणींचा हिशेब मांडला तर निष्कर्ष निघेल : जितका वेग जास्त, तितका कचरा कमी. आता हाच निष्कर्ष घेऊन एकीला म्हणा, "मावशी, घाई करा, म्हणजे कापूस स्वच्छ येईल." उलटं होईल. घाईत पत्ती, काड्या, कवडी सगळंच ओटीत येईल. बायकाबायकांतला संबंध एका दिशेचा, आणि एकाच बाईच्या हातातला संबंध बरोबर उलट्या दिशेचा. दोन्ही एकाच वावरात, एकाच दिवशी खरे.

पीटर मोलेनार या शास्त्रज्ञाने 2004 मध्ये हेच गणिताने मांडून मानसशास्त्राला सुनावलं होतं : गटातून मिळालेला नियम एका माणसाला लागू होतो असं गृहीत धरू नका, तो माणूस वेळोवेळी मोजा. आपल्या भाषेत, त्याच्या वावरात पीक कापणी प्रयोग करा.

एका भिंतीवरच्या कॅलेंडरवर केलेला प्रयोग

दवाखान्यातून आल्यावर मी आत्याच्या स्वयंपाकघरातलं कॅलेंडर वापरायचं ठरवलं. सकाळी चालली की तारखेवर लाल पेनाने टिकली, नाही चालली की काहीच नाही. आणि दर रविवारी मी फोन करून विचारायचं : पुढच्या आठवड्यात चालायचा इरादा 1 ते 7 मध्ये किती?

ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. 92 दिवस. इराद्याचा आकडा दर रविवारी एकच : सात. "सातच लिव्ह, आणखी काय लिवतं?" प्रत्यक्षात ती 41 दिवस चालली. म्हणजे पन्नास टक्क्यांच्याही खाली, आढाव्यातल्या त्या निम्म्याच्या जवळपास.

सिद्धांताच्या दृष्टीने इथे वाट बंद होते. इरादा तेरा आठवडे सातवरच आहे, आणि चालणं मात्र कधी आहे, कधी नाही. जी गोष्ट बदलतच नाही ती बदलाचं कारण सांगू शकत नाही.

पण कॅलेंडरकडे जरा लांबून पाहिलं तर टिकल्यांचे पट्टे दिसत होते. सात दिवस भरलेले, सात दिवस रिकामे, पुन्हा भरलेले. मला काही सुचेना. आतोबांनी चहा पिता पिता एका वाक्यात उलगडा केला : "लाइनचं आहे ते."

शेतात ओलित करणाऱ्याला हे सांगावं लागणार नाही. त्यांच्या भागात कृषिपंपाला थ्री फेजची लाइन एक आठवडा दिवसा असते, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात आतोबा जेवून वावरात जातात, हरभऱ्याला नाहीतर गव्हाला पाणी देतात, बारे मोडतात, पहाटे चिखलाच्या पायांनी घरी येतात. साप, रानडुक्कर, कधी बिबट्याची खबर. ते परत येईपर्यंत आत्या जागीच असते. सायकलचा आवाज आला की उठून चहा ठेवते, आंघोळीचं पाणी तापवते, आणि मग कुठे तिचा डोळा लागतो. ज्या वेळी तिने चालायला निघायचं, त्याच वेळी तिची रात्र सुरू होते.

मग मी मोजलं. दिवसाच्या लाइनचे 49 दिवस, त्यात ती 36 दिवस चालली. रात्रीच्या लाइनचे 43 दिवस, त्यात फक्त 5. दिवसाच्या लाइनमध्ये जे 13 दिवस चुकले, त्यातल्या 9 दिवशी शेजारची काकू गावात नव्हती. एकटी बाई सकाळी डांबरी रस्त्याने रिकाम्या हाताने चालताना दिसली की लोक विचारतात, "काहून वं, कुठं निघाली?" दोघी असल्या की कोणी विचारत नाही.

मागचं पाहून नियम काढणं सोपं असतं. कोणत्याही कॅलेंडरवर योगायोगाने काहीतरी पट्टे दिसतीलच. म्हणून नियम आधी कागदावर लिहिला : लाइन दिवसा असेल आणि काकू गावात असेल तर चालेल, नाहीतर नाही. आणि जानेवारीचे 31 दिवस वाट पाहिली. 26 दिवस अंदाज बरोबर आला. एका माणसावरचा हा घरगुती प्रयोग आहे, तो दुसऱ्या कोणाला लागू करायचा नाही. शेजारच्या काकूचा स्वतःचा नियम वेगळाच निघेल.

मग सिद्धांत टाकून द्यायचा?

हा पहिला आक्षेप, आणि योग्य आहे. तीन दगडांचं काय झालं?

ते तिथेच आहेत. कुठे पाहायचं हे त्यांनीच सांगितलं. लाइनची पाळी म्हणजे तिसरा दगड, 'माझ्या हातात आहे का'. काकूची सोबत म्हणजे दुसरा, 'चार लोक काय म्हणतील'. सिद्धांत हा जमिनीच्या तपासणीसारखा आहे. नत्र, स्फुरद, पालाश पाहा, एवढं तो सांगतो. तुमच्या मातीत कमी काय आहे ते तुमचीच माती नेऊन पाहावं लागतं.

यात माझं एक मत नोंदवतो. पाश्चात्त्य अभ्यासांच्या आढाव्यात हा दुसरा दगड, लोकांच्या अपेक्षेचा, तिघांत सगळ्यात कमजोर निघत आला आहे. 2001 च्या एका मोठ्या आढाव्यातही तसंच होतं. पण मानसशास्त्रातले बहुतेक प्रयोग पाश्चात्त्य देशांतल्या लोकांवर, त्यातही कॉलेजच्या मुलांवर झाले आहेत, हे 2010 मध्ये जोसेफ हेन्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. यवतमाळ-वर्ध्याकडच्या एखाद्या गावात सून म्हणून राहणाऱ्या बाईला हा दगड किती जड असतो, ते त्या आकड्यांतून येणार नाही.

शिवाय गटासाठी सरासरीच लागते. ग्रामपंचायतीला वस्तीपासून फाट्यापर्यंत दिवे लावायचे असतील, तर प्रत्येक बाईचं कॅलेंडर पाहायची गरज नाही. 'अंधारामुळे जमत नाही' असं किती जणी म्हणतात, एवढं पुरे. मंडळाची सरासरी मंडळाच्या निर्णयाला वापरा.

"खेड्यात व्यायाम कशाला? दिवसभर राबतोच की!"

हा आक्षेप मी दर वेळी ऐकतो. तो अर्धा खरा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात फक्त मैदानावरचा व्यायाम धरत नाहीत. आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम हालचाल असं त्यांचं 2020 चं मार्गदर्शन आहे आणि त्यात काम, चालत जाणं-येणं, घरकाम सगळं येतं. मध्यम म्हणजे काय? बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही इतका दम लागणं. निंदण, डवरणी, डोक्यावर वैरणीचा भारा, हे सगळं त्यात बसतं. आत्याचा आशाताईंना विचारलेला प्रश्न अगदी रास्त होता.

अडचण आहे ती वर्षभराच्या हिशेबाची. वेचणीच्या दिवसांत जी बाई दिवसभर वाकलेली असते, तीच एप्रिल-मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला की दुपारभर कूलरसमोर असते. शेतकामही बदललं आहे. वखरणीला ट्रॅक्टर, सोयाबीन काढायला हार्वेस्टर, तणाला तणनाशक, वावरात जायला मोटरसायकल. ज्यांनी आपलं वावर दुसऱ्याला ठोक्याने कसायला दिलं आहे त्यांचं तर चालणंच संपलं. पण मनात आपण अजून वीस वर्षांपूर्वीइतकेच राबतो.

प्रश्नावल्या इथे फसतात. 'मोकळ्या वेळात किती व्यायाम करता?' असं विचारलं तर आमच्याकडच्या बायका आधी 'मोकळा वेळ' या शब्दापाशीच थांबतात.

"एकवीस दिवस केलं की सवय लागते ना?"

नाही. हा आकडा एका प्लास्टिक सर्जनच्या निरीक्षणावरून पसरला. मॅक्सवेल मॉल्ट्झ यांनी 1960 मध्ये लिहिलं होतं की शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णाला किमान 21 दिवस लागतात. त्यातलं 'किमान' पडलं, शस्त्रक्रिया पडली आणि आकडा व्यायामाला चिकटला.

नीट मोजलेला अभ्यास लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचा, 2010 मध्ये प्रकाशित झालेला. 96 जणांनी बारा आठवडे रोज एक छोटी गोष्ट करून पाहिली. जेवताना पाणी पिणं, फळ खाणं, थोडा व्यायाम. गोष्ट आपोआप व्हायला लागायला सरासरी 66 दिवस लागले. पण ही सरासरीही मंडळाचीच. कोणाला 18 दिवस पुरले, आणि कोणाला 254 दिवस लागतील असा गणिताने अंदाज निघाला. व्यायामाला पाणी पिण्यापेक्षा जास्त दिवस लागत होते. आणि या अभ्यासातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट : एखादा दिवस चुकला तर सवयीचं फारसं बिघडत नव्हतं. सोमवारी चुकलं म्हणून आठवडाच सोडून देणाऱ्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं.

सवय इराद्यापेक्षा वेगळी चालते. ती वेळेला, जागेला, सोबतीला बांधलेली असते. पोलीस भरतीची पोरं पाहा. पहाटे चारला गावाबाहेरच्या रस्त्यावर 1600 मीटरचा सराव करतात, थंडी-पाऊस काही पाहत नाहीत. भरती झाली, निकाल लागला, की त्यातले बहुतेक जण धावणं थांबवतात, निवड झालेलेही आणि न झालेलेही. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी 1985 च्या सुमारास मांडलेला सिद्धांत यावर बोट ठेवतो : बाहेरच्या बक्षिसासाठी केलेलं काम बक्षिसाबरोबर संपतं, ज्यात स्वतःलाच गोडी लागते ते टिकतं. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून चालू आहे. अशा ठिकाणी सोबत असते, ठरलेली वेळ असते, शिकवणारं कोणी असतं. गावातल्या रस्त्यावर एकट्याने धावणाऱ्या पोराला निकालानंतर यातलं काहीच नसतं.

"फोनला सगळं कळतं, तो सांगेल की!"

पावलं मोजणारा फोन ही चांगली सोय आहे, कारण तो एकाच माणसाला रोज मोजतो, आणि आपल्याला हवं आहे तेच. पण घरात स्मार्टफोन एकच असतो आणि तो पोराकडे असतो. आत्या वावरात जाते तेव्हा तिचा साधा फोन खुंटीला लटकलेल्या पिशवीत असतो. फोनच्या हिशेबात ती दिवसभर घराबाहेर पडलेलीच नाही.

आणि समजा फोन हाताला बांधला, तरी त्याला 41 टिकल्या दिसतील, लाइनची पाळी दिसणार नाही. त्याचा निष्कर्ष निघेल 'अनियमित'. असा शिक्का मारलेल्या माणसाचा विमा महाग करायचा, किंवा त्याला उपचारात मागे ठेवायचं, असं कोणी ठरवलं तर मी त्याच्या विरोधात उभा राहीन. साठाच्या जागी बावन्न मिनिटांनी चुकणाऱ्या अंदाजावर एका माणसाचा निवाडा करता येत नाही.

कळलं, मग करायचं काय?

पेटर गोल्वित्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 'जर-तर' योजना सुचवली. 'मी व्यायाम करेन' इतकंच न म्हणता 'अमुक झालं, की अमुक ठिकाणी, अमुक वेळी करेन' असं आधीच ठरवायचं. 2002 मध्ये इंग्लंडमधल्या 248 विद्यार्थ्यांवर हे तपासलं गेलं. आठवड्यातून एकदा वीस मिनिटं व्यायाम, एवढंच उद्दिष्ट. ज्यांनी वार, वेळ, जागा लिहून दिली त्यातल्या 91 टक्क्यांनी व्यायाम केला, बाकीच्या गटांत 35 ते 38 टक्क्यांनी. हा आकडा फार मोठा दिसतो, पण उद्दिष्ट आठवड्यातून फक्त एकदाचं होतं आणि नंतरच्या अनेक अभ्यासांत परिणाम यापेक्षा लहान आला आहे, हे लक्षात ठेवावं.

जर-तर मधला 'जर' कुठून आणायचा, ते कॅलेंडर सांगतं. फेब्रुवारीत आत्याने ठरवलं : लाइन रात्रीची असेल, तर सकाळचा नाद सोडायचा आणि दिवाबत्तीच्या आधी मारुतीच्या पारापर्यंत दोन चकरा मारायच्या. पाराकडे जाणाऱ्या बाईला कोणी 'कुठं निघाली' विचारत नाही. रात्रीच्या लाइनचे 14 दिवस होते. 9 दिवस ती गेली.

मार्चमध्ये गव्हाचं शेवटचं पाणी झालं आणि लाइनची पाळी तिच्या झोपेतून निघून गेली. माझा 26 दिवस खरा ठरलेला नियम आता कामाचा राहिला नाही. कॅलेंडरवर आत्याने स्वतःच्या मनाने एक नवी खूण सुरू केली आहे. ज्या दिवशी सकाळी सातलाच ऊन चटका देतं, त्या तारखेभोवती ती पेनाने छोटं गोल काढते. आतापर्यंत अकरा गोल झाले आहेत. त्यातल्या चारांत टिकली आहे.